बाळ उलटं, पायाच्या करंगळीला मॉक्साचा शेक: ३३ ते ३९ आठवड्यांची एक केस

पार्श्वभूमी

ही केस चीनमधली आहे, जिआंग्सू प्रांताच्या दक्षिण भागातली, जिथे आपल्याकडचे बरेच इंजिनिअर कारखान्यांत कामाला असतात. पेशंट मराठी, वय २९, पहिलटकरीण. नाव, शहर, हॉस्पिटल सगळं बदललंय किंवा गाळलंय, तिला इथे मृणाल म्हणते. मी तेव्हा तिथल्या एका पारंपरिक चिनी वैद्यकाच्या ओपीडीत शिकत होते. स्वतः उपचार करायची मुभा मला नव्हती, लाओशींच्या, म्हणजे आमच्या ज्येष्ठ डॉक्टर बाईंच्या हाताखाली बघायचं, नोंदी ठेवायच्या, आणि या केसमध्ये तर मुख्य काम दुभाषाचंच होतं, कारण मृणालला चिनी जेमतेम भाजी घेण्यापुरतं येत होतं आणि तिच्या आईला अजिबातच नाही.

आई, म्हणजे माझ्यासाठी काकू, कोल्हापूरकडच्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आपली रीत, पण नवऱ्याची सुट्टी, विमान, व्हिसा या सगळ्यात माहेरच उठून चीनला आलं. नवरा तिथल्या एका प्लांटमध्ये शिफ्टमध्ये काम करणारा, शांत माणूस, सगळं वहीत लिहून घेणारा. ही वही पुढे फार कामाला आली.

ज्यांना मॉक्सा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आर्टेमिसिया आर्गी नावाच्या झाडाची पानं सुकवून, कुटून, चाळून मऊ भुगा करतात आणि तो जाळून त्याची धग शरीरावरच्या ठराविक बिंदूंना देतात. हे झाड आपल्या दवण्याच्याच कुळातलं, म्हणजे चैत्रात जोतिबाला वाहतो तो दवणा. हुपेई प्रांतातलं छीचुन या पानांसाठी प्रसिद्ध, आणि तयार मालाचा मोठा धंदा हनान प्रांतातल्या नानयांगला. पानं जुनी असली की धग मऊ लागते असं मानतात, म्हणून तीन वर्षं मुरवलेल्या मालाला भाव जास्त. देण्याच्या पद्धती खूप: थेट त्वचेवर तांदळाएवढी गोळी ठेवून, आल्याच्या चकतीवरून, बेंबीत मीठ भरून त्यावर, टोचलेल्या सुईच्या वरच्या टोकाला लावून, किंवा कांडी पेटवून त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटर लांब धरून. घरी करायचं असेल तर फक्त ही शेवटची पद्धत, बाकीच्या घरच्या नाहीतच.

अडचण काय होती

३२ आठवडे ५ दिवसांच्या सोनोग्राफीत बाळ ब्रीच दिसलं, डोकं वर आणि ढुंगण खाली, दोन्ही पाय सरळ वर तोंडाजवळ गेलेले. याला फ्रँक ब्रीच म्हणतात. आपल्याकडे घरात एकच शब्द, पायाळू. काकू म्हणाल्या, "पायाळू तर पायाळू, त्यात काय, आमच्या गावात पाठीत उसण भरली की लोक पायाळू माणसाला शोधत येतात लाथ मारून घ्यायला." त्या मनापासून सांगत होत्या आणि लेकीला धीर द्यायचा होता हे कळत होतं, पण मृणाल रात्रभर झोपली नव्हती. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगून टाकलेलं की बाळ फिरलं नाही तर सिझेरियन, आणि फिरवायचं असेल तर गुडघे-छातीवर ओणवं राहायचा व्यायाम करा नाहीतर मॉक्सा घ्या. एवढंच, पुढचा पेशंट.

बाहेरच्या माणसाला याचं आश्चर्य वाटेल, पण चीनमध्ये प्रसूतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातच ब्रीचसाठी तीन गोष्टी एका ओळीत येतात, ओणवं राहणं, झीयिन या पायाच्या करंगळीजवळच्या बिंदूला मॉक्सा, आणि बाहेरून पोटावर हात ठेवून बाळ फिरवणं. त्यामुळे ॲलोपॅथीच्या डॉक्टरने मॉक्साला पाठवणं तिथे नेहमीचं. नेहमीचं असल्यामुळेच ते घाईत सांगितलं जातं, कोणी करायचं, किती दिवस करायचं आणि परत कधी दाखवायचं हे कागदावर येत नाही. माझ्या मते या केसमधली खरी अडचण हीच होती. उलटं बाळ ही ३२ आठवड्यांना फार दुर्मिळ गोष्ट नाही, बरीच बाळं पुढच्या काही आठवड्यांत आपणहून फिरतात आणि पूर्ण दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच उलटी राहतात. पण सल्ला दोन दारांत वाटला गेला की मधल्या जिन्यात पेशंट एकटी उरते.

दुसरी अडचण काकूंची. कांडी पेटवून पायाला लावायची हे ऐकल्यावर त्या उठूनच उभ्या राहिल्या. "पोरीला डागणार का काय तुम्ही?" हा प्रश्न मला फार रास्त वाटला. आपल्याकडे डागणं म्हणजे काय ते त्यांनी पाहिलेलं होतं, मेळघाटात तान्ह्या बाळांच्या पोटावर तापलेल्या सळीने डम्मा देतात त्याच्या बातम्याही त्यांना माहीत होत्या. त्यांना लगेच "नाही हो काकू, तसं काही नसतं" म्हणून गप्प करणं सोपं होतं. लाओशींनी तसं केलं नाही. त्यांनी कांडी पेटवली, स्वतःच्या मनगटापाशी धरून दाखवली, मग काकूंचा हात मागितला. काकूंनी दिला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "शेगडीपाशी बसल्यावाणी लागतंय." आणि मग वास घेऊन, "हे तर दवण्यागत काहीतरी आहे." त्यानंतर त्यांचा विरोध मावळला, शंका राहिल्या, आणि शंका राहिल्या ते बरंच झालं कारण पुढे फोड पहिल्यांदा त्यांनाच दिसला.

समोरचे पर्याय

चार गोष्टी टेबलावर होत्या.

एक म्हणजे काहीच न करता वाट बघायची. हा पर्याय लोक हसण्यावारी नेतात पण ३३ व्या आठवड्याला तो पूर्णपणे शहाणपणाचा असतो, कारण बाळाला अजून जागा असते.

दुसरा, लगेच विमानाने भारतात परत. नवऱ्याच्या मनात हे होतं, तिकडे माणसं आहेत, भाषा आहे. पण २८ आठवड्यांनंतर बहुतेक विमान कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ च्या पुढे घेतच नाहीत, म्हणजे निर्णय आठवड्याभरात घ्यावा लागणार होता आणि तिकडे गेल्यावर नवीन डॉक्टर, नवीन फाइल. मृणालनेच नको म्हटलं.

तिसरा, मॉक्सा. इथे लाओशी आणि मी दोघींनी मिळून तिला आकडे सांगितले, आणि हा भाग मी थोडा सविस्तर लिहिते कारण नेटवर याबद्दल फार अर्धवट माहिती फिरते. जिआंग्शी प्रांतात झालेला एक अभ्यास १९९८ साली अमेरिकेच्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ३३ व्या आठवड्यातल्या २६० पहिलटकरणी होत्या, अर्ध्यांना मॉक्सा, अर्ध्यांना नाही. ३५ व्या आठवड्याला मॉक्सावाल्या १३० पैकी ९८ जणींचं बाळ डोक्यावर आलेलं, आणि मॉक्सा न घेतलेल्या १३० पैकी ६२ जणींचं. लोक पहिला आकडा सांगतात आणि दुसरा गाळतात. दुसरा आकडा म्हणतो की काहीही न करता जवळजवळ निम्मी बाळं फिरली! फरक आहे, चांगला आहे, पण ९८ च्या ९८ मॉक्साने फिरली असं नाही. नंतर युरोपात झालेले अभ्यास इतके उत्साहवर्धक नव्हते. जिनिव्हात झालेल्या आणि २००९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ३४ ते ३६ आठवड्यांच्या बायका घेतलेल्या आणि तिथे मॉक्सावाल्यांत १८ टक्के बाळं फिरली, मॉक्सा न घेतलेल्यांत १६ टक्के, म्हणजे फरक नाहीच. माझा अंदाज असा की उशिरा सुरू केलं तर उपयोग कमी, पण बायका वेगळ्या, पद्धत वेगळी, त्यामुळे तो अंदाजच. सगळे अभ्यास एकत्र करून बघणाऱ्या कॉक्रेनच्या २०२३ च्या आढाव्यात नेहमीच्या काळजीसोबत मॉक्सा दिला तर जन्माच्या वेळी बाळ उलटं असण्याची शक्यता बहुधा कमी होते असं आलंय, सात अभ्यास, ११५२ बायका, तुलनेने साधारण १३ टक्क्यांची घट. सिझेरियन कमी होतात असं मात्र त्यात ठामपणे म्हणता येत नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या कॉलेजच्या २०१७ च्या मार्गदर्शनातही ३३ ते ३५ आठवड्यांत प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली मॉक्साचा विचार करता येईल असं आहे.

म्हणजे छोटी पण खरी शक्यता. मृणालने हे ऐकून विचारलं, "मग ताई, नाही फिरलं तर माझं काही चुकलं असं होणार नाही ना?" हा प्रश्न मी वहीत जसाच्या तसा लिहून ठेवलाय.

चौथा पर्याय बाहेरून बाळ फिरवणं, ईसीव्ही. पहिलटकरणींमध्ये दहापैकी साधारण चौघींना यश येतं, एकूण बायकांत निम्म्यांना. तातडीचं सिझेरियन लागायची वेळ साधारण दोनशेत एकीवर येते, म्हणून ऑपरेशन थिएटर तयार असलेल्या ठिकाणीच करायचं. तिचं हॉस्पिटल हे करत नव्हतं, त्याच शहरातलं दुसरं मोठं हॉस्पिटल करायचं. यातलं काहीच जमलं नाही तर सिझेरियनचा मार्ग होताच, आणि ते काही अपयश नाही. २००० सालच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानंतर तर ब्रीच बाळासाठी ठरवून सिझेरियन करणं जगभर वाढलं.

पहिला निर्णय: आधी तपासणी, मग कांडी

मृणाल आली त्याच दिवशी सुरू करा असं नवऱ्याचं म्हणणं, रजा टाकून आला होता बिचारा. लाओशींनी नाही म्हटलं. त्यांनी एक यादी दिली आणि ती प्रसूतितज्ज्ञांकडून लिहून आणायला सांगितली: वार (प्लासेंटा) कुठे आहे, खाली तर नाही ना, गर्भजल किती, बाळाची वाढ नीट आहे का, नाळ मानेभोवती आहे का, पिशवीचा आकार नॉर्मल आहे का, आधी पिशवीवर काही ऑपरेशन झालंय का, बीपी, लघवीत प्रथिनं, रक्तस्राव. जुळं असेल, वार खाली असेल, रक्त जात असेल, बीपी चढलेलं असेल, पाणी गेलेलं असेल तर मॉक्सा द्यायचाच नाही. आणि ज्या बाईचं दुसऱ्या कारणाने सिझेरियन ठरलेलंच आहे तिला देऊन काय करायचं?

यात दोन-तीन दिवस गेले, नवरा वैतागला. पण त्याच भेटीत प्रसूतितज्ज्ञ बाईंनी कार्डावर दोन तारखा लिहिल्या, ३४ आठवडे ३ दिवसांना सोनोग्राफी आणि ३५ आठवडे ३ दिवसांना मॉक्सा बंद, पुढे ईसीव्हीसाठी मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी. थांबायची तारीख सुरुवातीच्या आधी ठरली. मला विचाराल तर सगळ्या केसमध्ये ही एक ओळ सर्वांत महत्त्वाची.

काय केलं

३३ आठवडे २ दिवसांना सुरुवात. बिंदू झीयिन, चिनी वैद्यक शरीरात जे ऊर्जेचे मार्ग मानतं त्यातल्या मूत्राशय मार्गाचा ६७ वा आणि शेवटचा, पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ. पहिले दोन वेळा ओपीडीत, नंतर घरी नवऱ्याने. आधी लघवीला जाऊन यायचं, कमरेचं सगळं सैल करायचं, पाठीला उशा लावून अर्धवट टेकून बसायचं, सपाट उताणं झोपायचं नाही कारण या महिन्यात पोटाचं वजन मागच्या मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते. दोन्ही पायांना पंधरा-पंधरा मिनिटं, दिवसातून एकदा, शक्यतो दुपारी तीन ते पाच, कारण चिनी वैद्यकात ती वेळ मूत्राशय मार्गाची मानतात. नवऱ्याची शिफ्ट बदलली त्या दिवशी संध्याकाळी झालं, लाओशींनी त्यावर काही म्हटलं नाही.

कांडी एका जागी धरून मऊ धग द्यायची, मधेच चिमणी दाणे टिपते तशी वर-खाली करायची. दर थोड्या वेळाने राख वाटीत झटकायची, राख लांब वाढू दिली की ती पायावर पडते आणि धगही कमी होते. विझवताना पाणी नाही, वाळूच्या डब्यात टोक खुपसायचं किंवा टोपणवाल्या धातूच्या नळीत घालायची, आणि नंतर पुन्हा एकदा बघायचं कारण मॉक्सा आतून बराच वेळ धुमसत राहतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे धरणाऱ्याने आपल्या दुसऱ्या हाताची दोन बोटं करंगळीच्या दोन्ही बाजूंना ठेवायची, म्हणजे आपल्या बोटाला चटका लागला की कळतं. हे नवऱ्याला करून दाखवलं, त्याच्याकडून करून घेतलं, काकूंनीही पाहिलं.

धुराचा प्रश्न आमच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. डिसेंबर होता. यांगत्सेच्या दक्षिणेला घरांना सरकारी केंद्रीय हीटिंग नसतं, घर आतूनच गार, त्यामुळे खिडकी उघडायला कोणी तयार नाही. आणि गर्भार बाईला रोज अर्धा तास धुरात बसवणं बरोबर नाही. बिनधुराच्या कोळसावाल्या कांड्या मिळतात पण त्या पेटायला त्रास देतात आणि धग जास्त तीव्र असते, नवशिक्या हाताला नकोच. शेवटी स्वयंपाकघरात, एक्झॉस्ट चालू करून, खिडकी एक फट उघडी, मृणाल रजईत आणि फक्त पाय बाहेर अशी व्यवस्था लागली. धूर ओढला जायचा. स्मोक अलार्म वाजेल ही भीती होती, तो बाहेरच्या खोलीत होता, दार बंद ठेवलं.

दुसरा निर्णय: फोड

पाचव्या दिवशी डाव्या करंगळीपाशी मुगाच्या डाळीएवढा पाण्याचा फोड. मृणालला करताना काही जाणवलं नव्हतं. पायांना सूज होती, सूज आली की त्वचा ताणलेली असते आणि चटका उशिरा कळतो. नवऱ्याची रात्रपाळी झालेली, डोळा लागत होता, बोटं ठेवायची राहिली. त्याने स्वतःच वहीत लिहिलेलं. काकूंनी फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, "आता बंद करा."

तीन मार्ग होते. सगळं बंद, दोन्हीकडे चालू पण जरा लांबून, किंवा डावा सोडून फक्त उजवा. लाओशींनी आधी सूज बघायला प्रसूतितज्ज्ञांकडे पाठवलं, फोडाकडे नंतर बघितलं. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. शेवटच्या महिन्यांत पायाची सूज बहुतेक वेळा साधीच असते पण बीपी चढत असल्याची ती खूणही असू शकते. बीपी नॉर्मल, लघवी नॉर्मल. मग फोड न फोडता स्वच्छ कोरडी पट्टी, आणि फक्त उजव्या पायाला मॉक्सा चालू. योगायोगाने जुना आधारही त्याच बाजूचा आहे, तांग काळातल्या चांग वन्-चुंग या वैद्याच्या नावाने जी पद्धत सांगतात त्यात आडव्या बाळाचा हात आधी बाहेर आला तर उजव्या पायाच्या करंगळीच्या टोकावर गव्हाच्या बारीक दाण्याएवढ्या तीन गोळ्या जाळायच्या असं आहे. ती कळा चालू असतानाची गोष्ट, ३३ आठवड्यांची नाही, आणि आज हात बाहेर आला तर मॉक्सा नाही, थेट ऑपरेशन थिएटर. एक पाय सोडल्याने परिणाम कमी होतो का यावर लाओशी एवढंच म्हणाल्या की भाजलेल्या जागेवर पुन्हा धग द्यायची नाही, बाकी चर्चा नंतर.

फोड बसायला आठवडा लागला. दुसऱ्या फेरीच्या शेवटी शेवटी डावा पाय पुन्हा सुरू केला, आणि यावेळी रात्रपाळीच्या दिवशी कांडी काकूंनी धरली.

तिसरा निर्णय: "फिरलं, फिरलं"

३४ आठवडे ३ दिवसांच्या सोनोग्राफीत बाळ तसंच. दुसरी फेरी सुरू. मॉक्सा चालू असताना बाळाची हालचाल वाढते हे मृणालला स्पष्ट जाणवत होतं, जिआंग्शीच्या अभ्यासातही तसंच दिसलेलं. आणि मग एका रात्री पोटात एवढी मोठी उलथापालथ झाली की तिने नवऱ्याला उठवलं, सगळं पोट एका बाजूला आलं आणि परत सरळ झालं. सकाळी काकूंचा फोन, आवाजात आनंद मावत नव्हता, "फिरलं गं बाई एकदाचं!" त्यांनी गोड करायला घेतलं होतं.

आता काय करायचं? ठरलेली तारीख तीन-चार दिवसांवर होती. घरात सूर असा की फिरलंच आहे, आता कांडी बंद, सोनोग्राफी ठरलेल्या दिवशी होईलच. शेजारच्या चिनी आजी म्हणाल्या, फिरलं असलं तरी चालू ठेवा, पक्कं बसेल. दोन्ही सल्ले प्रेमाचे, आणि दोन्ही उलट टोकाचे. लाओशींचं म्हणणं असं की बाळ फिरलं असेल तर पुढे मॉक्सा देणं चुकीचं, फिरलेलं बाळ पुन्हा हलवायचं कशाला, आणि फिरलं नसेल तर हातातले तीन दिवस वाया घालवणं चुकीचं, म्हणजे माहीत असल्याशिवाय कुठलाच निर्णय नीट होत नाही. त्यांनी हाताने पोट तपासलं, वरच्या बाजूला काहीतरी कडक लागलं पण पहिलटकरणीचं पोट घट्ट असतं, खात्री देणार नाही म्हणाल्या. मृणालनेच आग्रह धरला की सोनोग्राफी आजच.

३५ आठवडे पूर्ण त्या दिवशी. बाळ ब्रीचच. रात्री बहुधा ते आडवं होऊन परत आपल्या जागी आलेलं, किंवा फक्त कड बदललेली, सांगता येत नाही. पाय अजूनही सरळ वर. असे ताठ पाय असले की बाळाला स्वतःला वळायला अवघड जातं. पण एक चांगली गोष्ट होती, ढुंगण ओटीपोटात खाली घट्ट बसलेलं नव्हतं, वर तरंगत होतं.

मृणाल रडली. काकूंनी केलेला शिरा कोणी खाल्ला नाही. हा प्रसंग मुद्दाम लिहिते कारण मॉक्साच्या प्रचारात हालचाल वाढली म्हणजे काम झालं असं सर्रास सांगतात, आणि त्या सांगण्याची किंमत अशा सकाळी कोणाच्या तरी घरात मोजली जाते.

चौथा निर्णय: थांबणं

तीन दिवस राहिले होते, ते पूर्ण केले. मग प्रश्न आला तिसऱ्या फेरीचा. आता घरात सगळ्यांना कांडीची सवय झालेली, आशा होती, आणि बाजारात ३८ आठवड्यांपर्यंत करा सांगणारे भरपूर. नवरा म्हणाला, "काही नुकसान तर नाही ना, मग चालू ठेवू." लाओशींनी कार्डावरची तारीख दाखवली. नुकसान कांडीचं नसतं, कांडीच्या भरवशावर ईसीव्हीची वेळ निघून जाण्याचं असतं, बाळ मोठं होतं, पाणी कमी होतं, जागा उरत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या, आयुष्यभर मॉक्सा देणाऱ्या बाईने स्वतःहून आता माझ्याकडचं संपलं, तिकडे जा असं म्हणणं मला फार मोठं वाटलं आणि अजूनही वाटतं.

शेवटी काय झालं

३६ आठवडे ५ दिवसांना मोठ्या हॉस्पिटलमध्ये ईसीव्ही. उपाशीपोटी बोलावलेलं, आधी बाळाच्या ठोक्यांचा आलेख, पुन्हा सोनोग्राफी, मग पिशवी सैल पडायचं इंजेक्शन. पोटाला जेल लावून एका डॉक्टरने दोन्ही हातांनी ढुंगण ओटीपोटातून वर उचललं, दुसऱ्याने डोकं खाली ढकलत कोलांटीउडीच्या दिशेने बाळ वळवायला सुरुवात केली. मला दुभाषी म्हणून आत घेतलं होतं, माझं काम एकच, तिने "थांबा" म्हटलं की त्याच क्षणी चिनीत थांबा म्हणायचं. पहिल्या प्रयत्नात अर्ध्यावर येऊन परत गेलं. तिने थांबा म्हटलं, ते थांबले, ठोके बघितले. दुसऱ्या वेळी फिरलं. ठोके थोडा वेळ खाली आले आणि स्वतःहून वर आले, नंतर बराच वेळ आलेख चालू ठेवला. तिचा रक्तगट आरएच पॉझिटिव्ह, त्यामुळे आरएच निगेटिव्ह बायकांना देतात त्या अँटी-डी इंजेक्शनची गरज नव्हती.

पुढे बाळ डोक्यावरच राहिलं. ३९ आठवडे २ दिवसांना कळा आल्या, नॉर्मल डिलिव्हरी, मुलगी, तीन किलोच्या आसपास. करंगळीवर फोडाची फिकट खूण होती.

मॉक्साचा यात वाटा किती? बाळ मॉक्साने फिरलं नाही हे सरळ आहे. ढुंगण खाली बसू न देण्यात, बाळ हलतं ठेवण्यात त्याची मदत झाली असेल का, लाओशींना वाटतं झाली, मला एका केसवरून तसं म्हणवत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

घरी धरणाऱ्या माणसाची निवड. आम्ही नवऱ्याला शिकवलं कारण तो उत्साही होता, पण शिफ्टचं वेळापत्रक विचारलं नाही. झोप न झालेल्या माणसाच्या हातात पेटती कांडी द्यायची नाही हा नियम आता त्या ओपीडीच्या छापील सूचनेत आहे. सुरुवातीपासून दोघांना शिकवायचं, त्यातली एक व्यक्ती दिवसा घरी असणारी. आणि पायाला सूज आहे का, स्पर्श नीट कळतो का हे कांडी पेटवण्याआधी रोज बघायचं, कापसाचं टोक लावून. मधुमेह असलेल्या गर्भार बाईत तर हे दुप्पट महत्त्वाचं.

ईसीव्हीची ओळख आधी करून द्यायला हवी होती. चिठ्ठी पहिल्या आठवड्यात मिळाली पण ते हॉस्पिटल, ती टीम मृणालने ३६ व्या आठवड्यापर्यंत पाहिलीच नव्हती, त्यामुळे मॉक्सा फसला तेव्हा तिला सगळं संपल्यासारखं वाटलं. ३४ व्या आठवड्यात एक भेट तिकडे झाली असती तर ती सकाळ एवढी जड गेली नसती.

हालचाल जाणवली तर काय करायचं हेही आधी लिहून द्यायला हवं: मोठी हालचाल झाली तर कांडी त्या दिवशी बंद, एक-दोन दिवसांत सोनोग्राफी, निकाल येईपर्यंत नातेवाइकांना कळवायचं नाही. शेवटचं कलम काकूंनी सुचवलंय.

ओणवं राहायच्या व्यायामावर आम्ही फार भर दिला नाही, त्याचा फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही आणि तिला त्याने जळजळ व्हायची.

महाराष्ट्रात कोणी हे करून घ्यायचा विचार करत असेल तर इथे ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, नोंदणीची परिषद आहे, म्हणून समोरच्याची नोंदणी विचारा. आणि त्याआधी तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना सांगा, लपवून करू नका. त्यांचा मॉक्सावर विश्वास नसला तरी चालेल, पण वार कुठे आहे, परत सोनोग्राफी कधी आणि कुठल्या तारखेला थांबायचं या तीन गोष्टी त्यांच्याच हाताने फाइलवर लिहून घ्या.